दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन विमानतळांमधलं अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत मोजतात?

संदर्भबिंदूपासून संदर्भबिंदूपर्यंत. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू अधिकृतपणे जाहीर केलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश त्या देशाच्या वैमानिक माहिती पुस्तिकेत, म्हणजे एआयपीत, छापलेले असतात. हा बिंदू साधारणपणे धावपट्टीच्या मध्याजवळ असतो. टर्मिनलच्या दाराशी किंवा शहराच्या चौकाशी त्याचा काही संबंध नसतो.

इथेच पहिली गफलत होते. शोधपट्टीत शहराचं नाव टाकलं की मिळणारं अंतर बहुधा शहराच्या मध्यापासूनचं असतं. प्रादेशिक विमानतळ शहराबाहेर २०-३० किलोमीटरवर असणं काही नवलाचं नाही. दोन्ही टोकांना तेवढा फरक पडला तर ३०० किलोमीटरच्या प्रवासात १५-२० टक्क्यांची चूक सहज शिरते.

शहराचं नाव नको, तर मग काय टाकायचं?

विमानतळाचा कोड. तिकिटावर आणि सामानाच्या पट्टीवर असतो तो तीन अक्षरी कोड आयाटाचा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना), तर वैमानिक आणि नियंत्रक वापरतात तो चार अक्षरी कोड इकाओचा (संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संस्था). प्रादेशिक विमानतळांच्या बाबतीत चार अक्षरी कोड जास्त भरवशाचा, कारण अनेक छोट्या धावपट्ट्यांना तीन अक्षरी कोड दिलेलाच नसतो.

एकाच नावाची गावं जगात पुष्कळ आहेत. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्येही आहे (बीएचएक्स) आणि अमेरिकेतल्या अलाबामातही (बीएचएम). ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेले प्रवासी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या सिडनीला (वायक्यूवाय) उतरल्याचे प्रकार प्रत्यक्षात घडलेले आहेत. अंतराचा आकडा अपेक्षेपेक्षा भलताच वेगळा आला तर गणित तपासण्याआधी कोड तपासा.

एकाच जोडीसाठी एका ठिकाणी ४५० दिसतं, दुसरीकडे २८० आणि तिसरीकडे २४३. खरं कुठलं?

तिन्ही. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा जमिनीवरच्या मैलाचा (१.६०९ किलोमीटर) आणि तिसरा नॉटिकल मैलाचा (बरोबर १.८५२ किलोमीटर). विमान वाहतुकीचं सगळं काम नॉटिकल मैलांत चालतं आणि वेगही नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती नॉटिकल मैल असा मोजतात. नॉटिकल मैलाची मेख अशी की अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) जवळपास एक नॉटिकल मैल भरते. म्हणून एक अंश अक्षांश म्हणजे ६० नॉटिकल मैल, सुमारे १११ किलोमीटर.

नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर कुठला मैल ते पाहिल्याशिवाय पुढचं गणित करू नका. दोन्हींत १५ टक्क्यांचा फरक आहे.

अक्षांश-रेखांशांवरून अंतर स्वतः कसं काढायचं?

हॅव्हरसाइन सूत्राने, म्हणजे गोलावरचं अंतर काढायच्या सूत्राने. एक उदाहरण धरू. ‘अ’ विमानतळ ३०.५० उत्तर, ४०.२५ पूर्व, ‘ब’ विमानतळ ३३.०० उत्तर, ४४.०० पूर्व.

अक्षांशांतला फरक २.५ अंश, रेखांशांतला ३.७५ अंश. अक्षांशफरकाच्या निम्म्याचा (१.२५ अंश) साइन घेऊन वर्ग करा: ०.०००४७५९. रेखांशफरकाच्या निम्म्याच्या (१.८७५ अंश) साइनचा वर्ग करा आणि त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणा: ०.००१०७०५ × ०.८६१६ × ०.८३८७ = ०.०००७७३६. दोन्हींची बेरीज ०.००१२४९५. तिचं वर्गमूळ ०.०३५३५, त्याचा व्यस्त साइन (रेडियनमध्ये) ०.०३५३५५, त्याची दुप्पट ०.०७०७१. याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, ६,३७१ किलोमीटरने, गुणलं की उत्तर येतं ४५०.५ किलोमीटर, म्हणजे २४३ नॉटिकल मैल.

एवढा खटाटोप नको असेल तर कागदावरही जमतं. अक्षांशफरक × १११.२ = २७८ किलोमीटर. रेखांशफरक × १११.२ × मधल्या अक्षांशाचा (३१.७५) कोसाइन = ३५४.६ किलोमीटर. पायथागोरस लावा: ४५०.६. प्रादेशिक अंतरांसाठी एवढं पुरे. ध्रुवाजवळ किंवा हजारो किलोमीटरच्या अंतरावर मात्र ही युक्ती चालत नाही.

सूत्र बरोबर आहे, तरी उत्तर चुकतंय. काय बिघडलं असेल?

बहुतेक वेळा पुढच्या चारांपैकी एक गोष्ट.

एआयपीत ३०३०००उ असं लिहिलेलं असतं. ते ३० अंश ३० कला ०० विकला, म्हणजे दशांशात ३०.५०. घाईत कुणीतरी ते ३०.३० असं उतरवतं आणि विमानतळ जागच्या जागी २२ किलोमीटर सरकतो. कलांना ६० ने आणि विकलांना ३,६०० ने भागायचं, हे डोक्यात पक्कं हवं.

दुसरं, स्प्रेडशीटमधला साइन रेडियन मागतो आणि आपण त्याला अंश देतो. उत्तर काहीतरी येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. तिसरं, पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश यांना उणे चिन्ह द्यायचं राहतं. चौथी चूक दिशा काढताना होते: एक्सेलच्या एटॅन२ या फंक्शनमध्ये आधी क्ष आणि मग य द्यावा लागतो; बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत हा क्रम उलटा असतो. तिथून उचललेलं सूत्र तसंच डकवलं की दिशा भलतीकडेच जाते.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. मग हे उत्तर कितपत खरं?

विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. फरक २१ किलोमीटरचा. त्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. ४५० किलोमीटरला ती सव्वादोन किलोमीटरांच्या आतच. विन्सेंटी यांनी १९७५ साली मांडलेली पद्धत चपट्या पृथ्वीवर मिलिमीटरपर्यंत जाते, पण धावपट्टीच जिथे दोन किलोमीटर लांब आहे तिथे मिलिमीटर घेऊन करायचं काय?

नकाशावर पट्टीने ओढलेली रेषा आणि विमानाचा सर्वात जवळचा मार्ग एकच का?

पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल तो सर्वात जवळचा मार्ग. मर्केटर नकाशावर हाच मार्ग वाकडा दिसतो. आंतरखंडीय प्रवासात हा फरक शेकडो किलोमीटरांचा होतो. आपल्या ४५० किलोमीटरच्या उदाहरणात तो १०० मीटरसुद्धा नाही. प्रादेशिक प्रवासासाठी हा विषय सोडून दिला तरी चालेल.

मग विमान ४५० किलोमीटरच उडतं का?

नाही, आणि कधीच नाही. विमान धावपट्टीच्या दिशेने उडतं, गावाच्या दिशेने नव्हे. आपल्या उदाहरणात ‘अ’कडून ‘ब’ची दिशा ५१ अंश, म्हणजे साधारण ईशान्य. ‘अ’ची धावपट्टी ०५/२३ आहे (एका बाजूने सुमारे ५० अंशांच्या, दुसऱ्या बाजूने २३० अंशांच्या दिशेची) असं धरू. वारा ईशान्येकडून असेल तर विमान धावपट्टी ०५ वरून उडून नाकासमोर जातं. वारा नैर्ऋत्येकडून असेल तर २३ वरून, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला उडतं, उंची घेतं आणि वळसा घालून माघारी येतं. तोच प्रकार ‘ब’ला उतरताना. दोन्ही टोकांना वारा प्रतिकूल असला तर एवढ्यानेच १५-२० नॉटिकल मैल वाढतात.

त्याशिवाय ठरलेला निर्गमन मार्ग, पाच अक्षरी नावांच्या बिंदूंना जोडत जाणारा हवाई मार्ग, लष्करी क्षेत्राला घातलेला वळसा, डोंगराच्या बाजूने आखलेला आगमन मार्ग हे सगळं आलंच. ढोबळमानाने सरळ अंतरावर ५ ते १० टक्के वाढ धरावी. अंतर जितकं कमी तितकी ही टक्केवारी जास्त, कारण दोन्ही टोकांचे वळसे अंतराप्रमाणे लहान होत नाहीत. १५० किलोमीटरच्या फेरीत प्रत्यक्ष उड्डाण २०० किलोमीटरचं होऊ शकतं.

उंचीवर गेल्याने अंतर वाढत नाही का?

वाढतं, पण नगण्य. ३५,००० फुटांवर म्हणजे १०.७ किलोमीटर उंचीवर ४५० किलोमीटरमागे पाऊण किलोमीटर.

उड्डाणाचा वेळ म्हणजे कुठला वेळ?

तीन वेगवेगळे वेळ एकाच नावाने खपवले जातात. चाकं जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा तो हवेतला वेळ. चाकांखालचे चॉक काढून विमान जागचं हललं तिथपासून पलीकडच्या बेमध्ये (विमान उभं करायच्या जागेत) थांबून पुन्हा चॉक लागेपर्यंत तो ब्लॉक टाइम. आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा, जो प्रवाशाला खरा भोगावा लागतो.

तिकिटावर ब्लॉक टाइम असतो. अंतर मोजणारी संकेतस्थळं बहुधा हवेतला वेळ सांगतात, तोही सरळ अंतराला एका सरासरी वेगाने भागून. ही संकेतस्थळं अनेकदा सगळ्या जोड्यांना जेटचा वेग लावतात. त्या मार्गावर प्रत्यक्षात टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं विमान, धावत असेल तर तो आकडा बाद समजा.

एटीआर हे टर्बोप्रॉप ताशी ५१० किलोमीटर वेगाने उडतं. ४५० किलोमीटरला ५३ मिनिटं पुरायला हवीत. वेळापत्रकात १ तास २० मिनिटं कशी?

कारण ५१० हा वेग वाटेच्या फक्त मधल्या तुकड्यात मिळतो. एटीआर ७२-६०० चा हिशेब मांडू. प्रत्यक्ष मार्ग २५८ नॉटिकल मैल (सरळ अंतर २४३ अधिक ६ टक्के), उंची १८,००० फूट.

बेमधून निघून धावपट्टीच्या टोकापर्यंत ८ मिनिटं. मग चढाई: सुमारे १६ मिनिटं आणि त्यात फक्त ५० नॉटिकल मैल कापले जातात, कारण चढताना वेग २०० नॉटच्या खालीच राहतो. मधला सपाट टप्पा १४८ नॉटिकल मैलांचा, २७० नॉटने ३३ मिनिटं. उतरण आणि अंतिम टप्पा ६० नॉटिकल मैल, १७ मिनिटं. उतरल्यावर बेपर्यंत ४ मिनिटं. एकूण ७८. विमान कंपनी त्यावर थोडा राखीव वेळ ठेवून ८० किंवा ८५ छापते.

उतरण इतक्या लवकर का सुरू होते, हा पाठोपाठ येणारा प्रश्न. विमान तीन अंशांच्या उतारावर खाली येतं. हजार फुटांना सुमारे तीन नॉटिकल मैल लागतात. १८,००० फुटांसाठी ५४, अधिक वेग कमी करायला थोडी जागा. ३५,००० फुटांवरून येणाऱ्या जेटला हेच काम १०५ नॉटिकल मैल आधी, म्हणजे जवळपास २०० किलोमीटरवरून सुरू करावं लागतं.

त्याच मार्गावर जेट असेल तर किती वाचेल?

सुमारे २० मिनिटं. एम्ब्रेअर ई१७५ धरलं तर चढाई १४ मिनिटं (८० नॉटिकल मैल), सपाट टप्पा ८३ नॉटिकल मैल ४४० नॉटने ११ मिनिटं, उतरण २० मिनिटं (९५ नॉटिकल मैल), दोन्हीकडचं टॅक्सी (जमिनीवर चाकांवरून चालणं) १२ मिनिटं, एकूण ५७. वेग दीडपटीहून जास्त असूनही वेळ पाऊणपटीच्या आसपासच अडकतो, कारण जेट बिचारं पूर्ण वेगात असतं फक्त ११ मिनिटं. त्यातही १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा असते. ती वेगवान विमानालाच जाचते, एटीआरला नाही.

अंतर दुप्पट, ९०० किलोमीटर, केलं तर एटीआरला साधारण १३२ मिनिटं आणि जेटला ९१. आता फरक ४० मिनिटांवर गेला. म्हणून ३००-४०० किलोमीटरच्या मार्गांवर कंपन्या कमी इंधन खाणारं टर्बोप्रॉपच ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

तोंडी हिशेबाला एखादं सूत्र आहे का?

आहे. दोन्ही प्रकारांना २४ मिनिटं कायमची धरा. टॅक्सी, चढाई आणि उतरण यांत जाणारा हा जादा वेळ. त्यात सरळ अंतराच्या दर १०० किलोमीटरला एटीआरसाठी १२ मिनिटं, जेटसाठी साडेसात मिनिटं मिळवा. ३०० किलोमीटरला एटीआर: २४ + ३६ = ६० मिनिटं. मोठं, गजबजलेलं विमानतळ एका टोकाला असेल तर आणखी १०-१५ मिनिटं.

इतर विमानांसाठी सपाट टप्प्यातला वेग ढोबळमानाने असा: सेसना कॅरॅव्हॅन ताशी ३४० किलोमीटरपर्यंत, डॅश ८ क्यू४०० सुमारे ६६० पर्यंत, ई१७५ आणि एअरबस ए३२० सुमारे ८३०. क्यू४०० टर्बोप्रॉप असूनही एटीआरपेक्षा बरंच वेगवान आहे. ‘पंख्याचं विमान’ म्हणून दोघांना एकच वेग लावू नये.

जायला जास्त आणि यायला कमी वेळ का लागतो?

वाऱ्यामुळे. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो आणि हवा स्वतः सरकत असते. ३० नॉटचा वारा समोरून आला तर २७० चे जमिनीवर २४० उरतात, पाठीमागून आला तर ३०० होतात. आपल्या १४८ नॉटिकल मैलांच्या सपाट टप्प्याला जाताना ३७ मिनिटं, येताना साडेएकोणतीस. वारा नसता तर दोन्हीकडे ३३.

इथे एक गंमत आहे. जाताना ४ मिनिटं गमावली आणि येताना साडेतीनच कमावली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून जाऊन-येऊन हिशेब कधीच शून्यावर येत नाही. अगदी आडवा वारासुद्धा फुकट जात नाही: ४० नॉटच्या आडव्या वाऱ्यात नाक तिरकं धरावं लागतं आणि २७० चे २६७ होतात.

वारा पाहायचा तो उड्डाणाच्या उंचीवरचा. विमानतळावरच्या झेंड्याने दाखवलेला वारा धावपट्टी ठरवतो. प्रवासाचा वेळ वरचा वारा ठरवतो. आणि ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हे उलटं धरलं की सगळा हिशेब उलटतो.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्याचा हा परिणाम नाही का?

नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं. फरक पडतो तो त्या वातावरणातल्या वाऱ्यांमुळे.

प्रादेशिक विमानतळावर वेळ नेमका कुठे जातो?

मोठ्या विमानतळावर रांगेत जातो, छोट्यावर सोयी नसल्यामुळे.

पहिलं, समांतर टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीच्या बाजूने विमानाला चालायचा रस्ता, नसतो. एप्रन, म्हणजे विमानं उभी राहतात ती जागा, धावपट्टीच्या मध्यावर, धावपट्टी १,८०० मीटर. विमानाला धावपट्टीवरूनच ९०० मीटर मागे टोकाला जावं लागतं, तिथल्या रुंद गोलावर १८० अंशात वळावं लागतं आणि मग उड्डाण. टॅक्सीचा वेग २० नॉट धरला तर चालण्याला दीड मिनिट, वळून सरळ व्हायला आणखी एखादं. आकडा लहान वाटतो, पण तेवढा वेळ धावपट्टी अडलेली असते आणि उतरायला आलेलं दुसरं विमान वर घिरट्या घालतं. एक घिरटी चार मिनिटांची: एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा एक वळण, पुन्हा एक सरळ. अर्धी घिरटी घालून बाहेर पडणं सहसा जमत नाही, त्यामुळे एका मिनिटाच्या अडथळ्याचीही किंमत चार मिनिटं होऊ शकते.

दुसरं, रडार नसतं. मग नियंत्रक विमानांमध्ये पडद्यावर पाहून मैलांचं अंतर ठेवू शकत नाही. वैमानिकांनी कळवलेल्या जागा आणि वेळांवरून मिनिटांचं अंतर ठेवतो, एकाच मार्गावर बऱ्याचदा १० मिनिटांचं. एका पाठोपाठ दोन विमानं निघायची असतील तर दुसऱ्याने थांबायचंच.

तिसरं, उतरण्याची पद्धत. आयएलएस (धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) किंवा उपग्रहाधारित सरळ मार्ग असेल तर विमान १० नॉटिकल मैलांवरून थेट येतं. फक्त व्हीओआर (जमिनीवरचं दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) असेल तर आधी त्याच्या डोक्यावर जायचं, मग ठरलेल्या दिशेला दूर जायचं, वळायचं आणि परत यायचं; ७-८ मिनिटं वाढली. हवा स्वच्छ असेल तर वैमानिक नजरेने उतरायची परवानगी मागतो आणि हीच मिनिटं वाचवतो. त्यामुळे एकाच मार्गावर, एकाच विमानाला, सकाळच्या धुक्यात आणि दुपारच्या उन्हात दहा मिनिटांचा फरक दिसू शकतो. धावपट्टी वेळेत न दिसून विमानाने पुन्हा उंची घेतली तर १०-१५ मिनिटं आणखी.

चौथं, कामाचे तास. काही छोट्या विमानतळांचे नियंत्रण मनोरे ठरावीक वेळेतच चालू असतात, काहींच्या धावपट्टीला दिवेच नसतात. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला अर्धा तास उशीर झाला तर ती अर्धा तास उशिरा पोचत नाही. रद्द होते किंवा दुसरीकडे उतरते.

एक गोष्ट मात्र छोट्या विमानतळांच्या बाजूची. बरीच टर्बोप्रॉप विमानं ढकलगाडीशिवाय स्वतःच्या ताकदीने बेमधून वळून बाहेर पडतात, आणि चॉक काढल्यापासून चाकं उचलेपर्यंत पाच मिनिटंही लागत नाहीत.

विमान उशिरा निघूनही वेळेवर कसं पोचतं?

वेळापत्रकातल्या राखीव वेळामुळे. विमान वाहतुकीत १५ मिनिटांच्या आतला उशीर सहसा ‘वेळेवर’ मोजतात, आणि प्रादेशिक विमान दिवसाला सहा-आठ फेऱ्या मारतं. मध्ये जमिनीवर जेमतेम २५-३० मिनिटं. सकाळच्या पहिल्या फेरीतले २० मिनिटं संध्याकाळपर्यंत तासावर जाऊ नयेत म्हणून प्रत्येक फेरीत ५-१० मिनिटं पेरलेली असतात. जोडविमान गाठायचं असेल तर दिवसातली पहिली फेरी निवडावी. तिच्यामागे आधीच्या फेऱ्यांचा उशीर नसतो.

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली तर वेळ विचित्र येतो.

तिकिटावर दोन्ही वेळ स्थानिक असतात. दोन विमानतळ वेगळ्या कालविभागात असतील तर आधी दोन्ही वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणा, मग वजा करा. सगळे विभाग पूर्ण तासांचे नसतात: भारत यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, नेपाळ ५ तास ४५ मिनिटं. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून मार्चमध्ये पाहिलेलं वेळापत्रक एप्रिलला लावू नका.

थेट विमान नाही. तेव्हा अंतर आणि वेळ कसा धरायचा?

टप्प्यांची बेरीज करून, आणि मधल्या थांब्याला पूर्ण किंमत देऊन. ‘अ’ ते मोठं केंद्र ३८० किलोमीटर, केंद्र ते ‘ब’ ४१०. अंतर ७९० झालं, सरळ अंतराच्या पावणेदोन पट. वेळ: ७० मिनिटं, किमान तासभराचा बदल, मग ७५ मिनिटं, म्हणजे किमान ३ तास २५ मिनिटं. शिवाय मोठ्या केंद्रात उतरताना रांग असतेच. दोन्ही फेऱ्या एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटं काढली आणि पहिली फेरी उशिरा आली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त गैरहजर प्रवासी.

किती अंतरापासून विमान रस्त्यापेक्षा परवडतं, वेळेच्या दृष्टीने?

सरळ अंतर सुमारे २०० किलोमीटर झालं की. हिशेब असा: विमानतळापर्यंत ४५ मिनिटं, तिथे आधी पोचणं ८०, सामान घेऊन बाहेर पडणं २०, पुढे ४५, जमिनीवरच ३ तास १० मिनिटं गेली. रस्ता सरळ अंतराच्या १.३ पट आणि सरासरी वेग ताशी ६५ धरला, तर ४५० किलोमीटरला गाडीला ९ तास आणि विमानाने साडेचार. पण १५० किलोमीटरला गाडीला ३ तास आणि विमानाने चार. मध्ये खाडी किंवा घाट आला तर रस्त्याचा गुणक दीड-दोनवर जातो आणि बरोबरीची रेषा बरीच अलीकडे सरकते.

टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांत आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही फेरी जेमतेम २.७ किलोमीटरची, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांतही झालेली. मध्ये समुद्र आहे, म्हणून ती चालते.

तासाभराच्या उड्डाणाला तासाभराचंच इंधन भरतात का?

नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार वाटेचं इंधन, त्यावर साधारण ५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि शिवाय टर्बाइन विमानासाठी १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालण्याचं. जवळ दुसरा विमानतळ नसलेल्या दुर्गम ठिकाणी पर्यायी वाटच तासाभराची होते. ते वजन भरून काढायला कधी कधी सीट रिकाम्या ठेवतात किंवा सामान मागे राहतं, विशेषतः धावपट्टी आखूड आणि दुपार तापलेली असेल तर.

ॲपवर विमान विमानतळाच्या अलीकडेच थांबलेलं किंवा गायब झालेलं दिसतं. उतरलं असं समजायचं का?

नाही. फ्लाइटरडार२४ सारखी ॲप्स प्रामुख्याने विमानातून येणारे, त्याची जागा कळवणारे एडीएस-बी संकेत जमिनीवरच्या छोट्या ग्राहकयंत्रांनी टिपून चालतात, आणि हे संकेत सरळ रेषेत जातात. ३५,००० फुटांवरचं विमान २३० नॉटिकल मैलांवरूनही दिसू शकतं. २,००० फुटांवर आलेलं, सपाट प्रदेशातही, ५५ नॉटिकल मैलांच्या पलीकडून दिसत नाही. मध्ये डोंगर आला तर त्याहून कमी. छोट्या गावाजवळ ग्राहकयंत्र नसेल तर विमान उतरणीतच पडद्यावरून नाहीसं होतं, आणि पुढचा मार्ग ॲप अंदाजाने काढतं.

शेवटची दिसलेली उंची पाहा. ६,००० फुटांवर गायब झालं असेल तर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल या हिशेबाने अजून १८ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण सहा-सात मिनिटं, आणि बेपर्यंत चार. कुणाला घ्यायला जायचं असेल तर त्यात दार उघडायचे आणि सामानाचे १५ धरा.